शिट्टीसरांची नाडी

३ फेब्रुवारी

मापाडीणबाई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरात कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. फोनवर बोललो असतो, पण तुला माहीत आहेच, पस्तीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकून मी मुलांना सरळ केलं आणि त्या शिट्टीनं माझे कान वाकडे केले. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की तेच शिट्टी मारतं. तेव्हा पत्र.

बातमी अशी, की तुमची आरोग्य पाहणी आमच्या गावात येते आहे, आणि चिठ्ठ्या टाकून जी नावं निघाली त्यात माझंही आहे. सदुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याला सायकलवर बसवणार म्हणे, तेही जागच्या जागी फिरणाऱ्या. कागदावर तुझ्या कचेरीचा शिक्का बघून छाती फुगली. लोकांची ताकद मोजत गावोगाव फिरणारी ती मापाडीण माझी भाची, हे मी पोस्टमनलाही सांगून टाकलं.

आता मुद्द्याचं. तुझ्या ताईनं माझ्यामागे टुमणं लावलंय, की घर बंद करा आणि माझ्याकडे राहायला या. मामी गेल्यापासून सहा वर्षं मी एकटा राहतोय, काही बिघडलंय का? पण लेकीपुढे बापाचं काय चालतं? शेवटी करार झाला. या तपासणीत मी चांगला निघालो तर ती वर्षभर विषय काढणार नाही. नाही निघालो तर मी मुकाट्यानं बॅग भरायची. म्हणून विचारतो: त्या दिवशी काय खावं, श्वास कसा घ्यावा, आदल्या दिवशी फिरायला जावं की पाय राखून ठेवावेत?

आणखी एक. माझा मित्र, चौकातला शिंपी, त्याचंही नाव निघालंय. तो सकाळी एक बारीकशी गोळी घेतो. हृदयाची की कसली, मला नक्की माहीत नाही. त्यानं काही फरक पडतो का? तो विचारत होता.

हे सगळं तुझ्या-माझ्यात. ताईला यातलं काही कळवू नकोस.

तुझा मामा


९ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

तुमचं पत्र मी कचेरीत वाचलं आणि एकटीच हसले. शेजारच्या टेबलावरच्या आकडेतज्ज्ञांना वाटलं, या बाईचं डोकं फिरलं.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. ही परीक्षा नाही, यात पास-नापास नसतं. आम्ही अठरा हजार माणसं मोजतोय. कुणाला बक्षीस द्यायला नाही, तर कुठल्या वयाची, कुठल्या कामाची माणसं किती दमाची आहेत ते कळावं म्हणून. तुम्ही त्या अठरा हजारांतले एक. पण ताईनं आमच्या सायकलला न्यायाधीश केलंय, तर सांगते.

आधी वजन, उंची, रक्तदाब. मग हाताची पकड, एक मूठ दाबायची, काटा सरकतो. मग छातीला पट्टा बांधून सायकलवर. एका ठेक्यात पाय मारायचे, दर दोन मिनिटांनी चाक जड होत जातं, असे चार टप्पे. तुम्हाला दमवून पाडायचं नसतं. चाक जड झालं की नाडी किती वाढते ते आम्ही बघतो आणि त्यावरून तुमचा पूर्ण दम किती असेल याचा अंदाज काढतो. ज्याची नाडी कमी वाढते तो जास्त दमाचा, असा हिशोब. दोन तास आधी पोटभर खाऊ नका, चहा नको. आदल्या दिवशी नेहमीसारखं फिरा.

शिंपीकाकांना मात्र नीट सांगा. हृदयाच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीला वाढूच देत नाहीत. मग आमचा सगळा अंदाज चुकतो. आणि काही माणसांना सायकलवर बसवणंही धोक्याचं असतं. प्रश्नांच्या टेबलावर त्यांनी गोळी सांगायलाच हवी. त्यांना सायकलवरून वगळतील, पण त्यात लाज कसली?

इथे सध्या गंमत चालली आहे. तुमच्या बाजूच्या टेकडीकडच्या गावांमधली साठीच्या पुढची माणसं आमच्या आकड्यांत त्यांच्या मुलांपेक्षा दमदार निघताहेत. आमच्या मुख्य बाई खूश आहेत. एप्रिलअखेर निकाल जाहीर करायचाय, त्यात ही गोष्ट सगळ्यात वर असेल. मला अजून पटत नाही. टेकड्या चढून माणूस काटक होतो, मान्य. पण शहरातल्या म्हाताऱ्यांपेक्षा इतका?

ताईला काही बोलणार नाही, शब्द दिला. सांभाळून चालवा.

तुमची मापाडीण


२४ फेब्रुवारी

मापाडीणबाई,

विजय! तुझ्या मामानं मैदान मारलं.

काल माझ्याच शाळेच्या सभागृहात तपासणी झाली. जिथे मी मुलांना रांगेत उभं करायचो, तिथे मला रांगेत उभं केलं. पुढे किराणावाला, मागे माझा जुना विद्यार्थी. तो आता पोस्टात साहेब झालाय. त्याच्या मागे शिंपी आणि निम्मी गल्ली. टेबलावरच्या मुलीनं शंभर प्रश्न विचारले, मी पटापट उत्तरं दिली. मग मूठ दाबली. उजव्या हाताची अडतीस किलो! विद्यार्थी म्हणाला, "सर, या हातानं आम्ही कान पिळून घेतलेत, यंत्राला काय सांगता?" सगळं सभागृह हसलं.

मग सायकल. चारही टप्पे पुरे केले. घाम आला, पाय भरून आले, पण नाडी म्हणशील तर शहाण्या मुलासारखी जागेवर. हा घे कागद, त्यांनी दिलेल्या चिठ्ठीवरून उतरवून काढलाय: बसल्या जागी चोपन्न, पहिल्या टप्प्याला सहासष्ट, मग बहात्तर, एकोणऐंशी, शेवटी शहाऐंशी. आणि खाली लिहिलंय की माझा दम बेचाळीस वर्षांच्या माणसाइतका आहे. बेचाळीस! तुझ्या ताईपेक्षा एकच वर्षानं मोठा!

बिचाऱ्या शिंप्याची मात्र शोभा झाली. तिसऱ्या टप्प्यालाच त्याची नाडी एकशे सोळा, त्याला थांबवलं. माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे. मी त्याला म्हटलं, "अरे, मशीनचं पायडल मारून मारून एवढाच दम कमावलास?" लोक हसले. तो हसला नाही. आज सकाळी फिरायला आला नाही. फुगला असेल, येईल दोन दिवसांत.

चिठ्ठीचा फोटो विद्यार्थ्यानं त्याच्या फोनवरून तुझ्या ताईला पाठवला. तिचं उत्तर आलं: "ठीक आहे बाबा." एवढंच. हरलेला माणूस आणखी काय बोलणार?

तुझा बेचाळीस वर्षांचा मामा


२८ फेब्रुवारी, कुरिअरनं

मामा,

आज सकाळपासून तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा तुम्ही "हो, हो, हवा छान आहे" म्हणालात आणि फोन ठेवलात. म्हणून हे कुरिअरनं पाठवतेय. पत्र हातात पडेल तेव्हा आधी खाली बसा.

तुमचे आकडे मी दहा वेळा वाचले. चौथ्या टप्प्याला तुमच्या वयाच्या धडधाकट माणसाची नाडी एकशे दहा, एकशे वीस होते. रोज पळणाऱ्याचीसुद्धा शंभराच्या आसपास जाते. तुमची शहाऐंशी. घाम आला, पाय भरून आले, म्हणजे शरीराला मेहनत पडत होती. पण हृदय तिच्या मागे धावलं नाही.

याची तीनच कारणं मला दिसतात. छातीचा पट्टा सैल असेल. ते शक्य कमी, कारण आकडे कसे क्रमानं चढलेत. किंवा तुम्ही एखादी गोळी घेत असाल. किंवा गोळी नसताना हृदयाला वेग घ्यायला जमतच नसेल. मामा, हे तिसरं कारण असेल तर तो दम नाही, दुखणं आहे.

बाबांचं तुम्हाला आठवतंय ना? त्यांची नाडी पन्नासच्या खाली असायची आणि घरात सगळे कौतुकानं म्हणायचे, खेळाडूची नाडी आहे. तुम्हीसुद्धा म्हणायचात. ते बसथांब्यावर पडले तेव्हा मी कॉलेजात होते. नंतर डॉक्टर म्हणाले, वेळेवर कुणी पाहिलं असतं तर छातीत एक छोटं यंत्र बसवून माणूस वीस वर्षं जगला असता. मी या कामात आले ती त्यामुळेच. हे तुम्हाला कधी बोलले नव्हते.

म्हणून एकच प्रश्न विचारते, खरं उत्तर द्या. तुम्ही गोळी घेता का? घेत असाल तर तिचं नाव कळवा. घेत नसाल तर हे पत्र वाचून उठा आणि तडक हृदयाच्या डॉक्टरांकडे जा, रिक्षानं, चालत नाही. जिना चढू नका. कुणाला तरी बरोबर घ्या.

कचेरीत तुमची फाइल मी उघडून बघितलेली नाही. नातेवाइकांची बघायची नसते आणि मी बघणारही नाही. मला जे कळायचं ते तुमच्याकडूनच कळायला हवं.

ताईला सांगणार नाही असा शब्द दिला होता. तो मी शनिवारपर्यंत पाळीन. शनिवारी संध्याकाळपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही तर तिला फोन करीन. मग माझ्यावर रागवा, जन्मभर बोलू नका, चालेल.

मापाडीण


२ मार्च, कुरिअरनं

पोरी,

घेतो. गोळी घेतो. दीड वर्ष झालं.

पाकिटाच्या पाठीवरची अक्षरं सोबतच्या चिठोऱ्यावर उतरवली आहेत, बघून घे. सकाळी एक, रिकाम्या पोटी.

शिंप्याला गोळी नाही. त्याला साधी सर्दीसुद्धा होत नाही. ती गोळी माझीच. तू पहिल्या पत्रात एवढं समजावून सांगितलंस, तेव्हाच मला कळलं होतं की सायकलवर बसलो तर माझा आकडा फुगणार. कळूनही बसलो. हे लिहिताना मान वर होत नाही.

झालं असं. मागच्याच्या मागच्या वर्षी शाळेच्या बक्षीस समारंभाला मला बोलावलं होतं. व्यासपीठावर बसल्या बसल्या छातीत असं काही धडधडायला लागलं, की वाटलं आता सगळ्यांच्या देखत आडवा होतो. कसाबसा बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या डॉक्टरकडे गेलो, इथे गेलो असतो तर गावभर झालं असतं. त्यानं कागदाची लांब पट्टी काढली, म्हणाला, घाबरू नका, ठोके मधूनच उधळतात, ही गोळी घ्या, दर तीन महिन्यांनी येत जा. मी एकदा गेलो. मग गेलो नाही. गोळ्या तेवढ्या आणत राहिलो. ताईला सांगितलं असतं तर ती त्याच दिवशी टेम्पो घेऊन आली असती.

आता सभागृहातलं सांगतो. मी खोटं बोलायचं ठरवून गेलो नव्हतो, अगदी खरं. मनात होतं की सांगून टाकू, सायकल राहिली तर राहिली. पण मी बहिरा. ती मुलगी बिचारी पहिल्यांदा हळू बोलली, मला ऐकू गेलं नाही. मग ती मोठ्यानं बोलली. तिसऱ्यांदा ओरडली: "आजोबा, हृदयाच्या गोळ्या घेता का?" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पुढे किराणावाला, मागे विद्यार्थी, त्याच्या मागे निम्मी गल्ली. तूच सांग, शिट्टीसरांनी काय उत्तर द्यायचं होतं? मी तितक्याच जोरात ओरडलो, "नाही!"

आणि माझ्या मागच्या विद्यार्थ्यालाही तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला "नाही." मी गोळ्या आणतो त्या दुकानात मी त्याला दोनदा पाहिलंय, माझ्यासारखंच पाकीट घेताना. किराणावाल्याचं तर सगळ्यांना माहीत आहे. तोही "नाही"च म्हणाला.

तुझ्या बाबांचं वाचलं. मीही म्हणायचो, खेळाडूची नाडी. म्हणायचो.

रागावू नकोस असं म्हणत नाही.

मामा


९ मार्च

मामा,

तुमचं पत्र शनिवारी दुपारी आलं. चिठोऱ्यावरचं नाव वाचलं आणि मी कचेरीच्या जिन्यात जाऊन बसले, खूप रडले. सुटल्यासारखं रडले. ही गोळी नाडीला मुद्दाम सावकाश ठेवते, तेच तिचं काम. तुमची शहाऐंशी ही गोळीची आहे, बाबांसारखी नाही. आमच्याकडच्या डॉक्टरांना नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, गोळीवर असताना असाच आकडा यायला हवा. पण वर्षभर तपासणी नाही हे चालणार नाही, आठवड्याच्या आत डॉक्टर. त्याच किंवा दुसऱ्या, पण डॉक्टर. आणि मनानं गोळी एकदम बंद करू नका, ते फार धोक्याचं असतं.

आता रागावून घेते. शिंपीकाकांचा आकडा खरा होता, मामा. जन्मभर बसून शिवणाऱ्या त्रेसष्ट वर्षांच्या माणसाची नाडी तशीच चढते, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांची माफी मागायला हवी, आणि ती तुम्हालाच मागावी लागेल.

रागवून झालं. आता जे सांगते ते तुमच्यामुळे झालंय.

तुमचं पत्र वाचताना मला एकदम लख्ख दिसलं. शहरात आमची तपासणी दवाखान्यात होते. माणूस एकेकटा आत येतो, दार लागतं, मग प्रश्न. टेकडीकडच्या गावांत दवाखाने लहान, म्हणून शाळेची सभागृहं घेतली. एक टेबल, एक रांग, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. साठीच्या पुढच्यांना कमी ऐकू येतं म्हणून आमच्या मुली ओरडून विचारतात. आणि आम्ही इथे बसून म्हणतोय, वा, टेकडीकडची म्हातारी माणसं बघा किती दमाची!

सोमवारी मी मुख्य बाईंकडे गेले. तुमचं नाव, गाव काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की गोळ्यांचा प्रश्न चारचौघांत विचारला जातोय, मला एका गावात पुन्हा विचारून बघू द्या. त्या म्हणाल्या, "निकालाला सात आठवडे राहिलेत, आता कुठे उकरून काढतेस?" मी म्हटलं, "बाई, माझा अंदाज चुकला तर दोन दिवस वाया जातील. बरोबर निघाला आणि आपण विचारलंच नाही तर?" त्यांनी पेनाचं टोपण दोनदा काढून घातलं. मग म्हणाल्या, "जा. पण दोनच दिवस."

उद्या निघतेय. तुमचं गाव नाही, पलीकडचं. तोवर डॉक्टर.

मापाडीण


१९ मार्च

मापाडीणबाई,

हुकुमाप्रमाणे डॉक्टर झाले. शेजारच्या गावचा तोच. मला वाटलं होतं रागावेल, पण त्यानं जुना कागद काढला, नवी पट्टी काढली, दोन्ही शेजारी ठेवल्या आणि म्हणाला, "सर, तुम्ही नशीबवान आहात, तपासणी बुडवूनही सुधारलात." मग मला सरकत्या पट्ट्यावर चालवलं, तो स्वतः शेजारी उभा. उधळलेले ठोके दिसले नाहीत. छातीवरून फिरवायच्या यंत्रानं हृदयाची हालचालही पडद्यावर बघितली, झडपा ठीक आहेत म्हणाला. गोळी निम्मी केली. टेकडीवर जायला परवानगी आहे, पण बोलत बोलत चढता येईल इतक्याच वेगानं. बोलायचं तर मला वावडं नाहीच.

मी विचारलं, मग माझा खरा दम किती? तो म्हणाला, सदुसष्ट वर्षांच्या बऱ्यापैकी चालणाऱ्या माणसाइतका. पोरी, खरं सांगू? ऐकून बरं वाटलं. बेचाळीसचं ओझं तीन आठवड्यांत फार झालं होतं. जिना चढताना कुणी बघत असेल तर मी धाप दाबून धरायचो.

शिंप्याकडे गेलो. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाकावर बसलो. मग सगळं सांगितलं. त्यानं कात्री खाली ठेवली आणि विचारलं, "म्हणजे मी तुझ्याहून कमी नाही?" म्हटलं, "कमी कसला, तू बिनगोळीचा आहेस." तो म्हणाला, "त्या दिवसापासून मी बायकोला सांगतोय की माझे दिवस भरत आले. ती बिचारी मला दळण आणू देत नाही." आणि मग जो चिडला! सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलला, मलासुद्धा यंत्राशिवाय ऐकू आलं. मी ऐकून घेतलं. दोन दिवस बोलला नाही. आज सकाळी दारात उभा, म्हणतो, "चल, पण हळू चालायचं, तुझ्यासाठी."

ताईला अजून सांगितलेलं नाही. तू विचारायच्या आधीच कबूल करतो. ती येत्या रविवारी येतेय.

तुमच्या त्या गावात काय निघालं?

मामा


२४ मार्च

मामा,

निघालं! दोन दिवसांत एकशे बारा माणसांना पुन्हा विचारलं, सगळी साठीच्या पुढची. या वेळी वर्गाची एक बंद खोली घेतली, एका वेळी एक माणूस, आणि "अमुक रोग आहे का" असं न विचारता एवढंच म्हटलं, की सकाळपासून झोपेपर्यंत जे काही गिळता त्याची पाकिटं पिशवीत घालून आणा. पहिल्या वेळी एकशे बारांपैकी सहा जणांनी नाडीच्या गोळ्या सांगितल्या होत्या. या वेळी एकतीस पिशव्यांत निघाल्या.

एक आजी पाकीट टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मागच्या खेपेला जाऊ मागे उभी होती." एवढंच. मी लिहून घेतलं.

ते एकतीस बाजूला काढून उरलेल्यांचे आकडे मांडले, आणि टेकडीचा सगळा चमत्कार उतरला. शहरातल्या म्हाताऱ्यांइतकेच, किंचित वर. तो किंचित भाग खरा असावा.

मुख्य बाईंसमोर कागद ठेवला तेव्हा मला वाटलं माझी या कामातून उचलबांगडी होणार. त्यांनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे जाहीर करून बसलो असतो तर?" मग लगेच फोन उचलून निकाल ऑगस्टवर ढकलला. सभागृहात झालेल्या सगळ्या गावांत पुन्हा जायचंय. बंद खोलीचा नियम आता लेखी झालाय, आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी प्रश्न मोठ्या अक्षरांत छापून घेतोय, म्हणजे ओरडायला नको. जाताना त्या म्हणाल्या, "मी फार खूश झाले होते ना त्या आकड्यांवर? म्हणूनच दिसलं नाही." इतक्या मोठ्या बाई माझ्यासमोर असं बोलल्या!

तुमच्या गावातही आमची मुलं येतील. तुमच्या विद्यार्थ्याला आणि किराणावाल्यांना तुम्ही काही सांगू नका, ते त्यांचं ते सांगतील.

आणि ताई. मामा, डॉक्टरांचा कागद हातात आहे, चांगला आहे. यापेक्षा बरी वेळ कुठली येणार?

तुमची मापाडीण


२६ मार्च

मापाडीणबाई,

सांगितलं.

ताई आज दहाच्या बसनं आली. मी बसथांब्यापासूनच वाक्यं जुळवत होतो. पहिला चहा झाला, दुसरा झाला, तिनं माझे शर्ट आवरले, पडदे धुवायला काढले, माझं तोंड काही उघडेना. शेवटी डॉक्टरांचा कागद आणि गोळ्यांचं पाकीट तिच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "हे वाच. आणि मग काय ओरडायचं ते ओरड, यंत्र कानात घातलेलं आहे."

तिनं पाकिटाला हातही लावला नाही. म्हणाली, "हे मला वर्षभर माहीत आहे, बाबा."

मागच्या मार्चमध्ये आली होती तेव्हा शर्ट धुताना खिशात पाकीट सापडलं होतं म्हणे. तिनं ते पुसून परत त्याच खिशात ठेवलं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तुम्ही सांगेनात. मग मी घर बंद करा म्हणायला लागले. गोळीला कोण घाबरतं? पण जो माणूस गोळी लपवतो तो उद्या न्हाणीघरात पडला तर तेही लपवील, याची भीती वाटायची. तुमची ती सायकलची चिठ्ठी आली, त्या दिवशी मी ऑफिसात डोकं धरून बसले होते. गोळी घेऊन सायकल मारली यांनी, आणि वर फोटो पाठवला!"

म्हणजे ते "ठीक आहे बाबा" हरलेल्या माणसाचं नव्हतं. मीच काय ते चुकीचं वाचलं. इतका वेळ तिच्यापासून मी, आणि माझ्यापासून ती, एकच पाकीट लपवत होतो.

मग तिनं डॉक्टरांचा कागद वाचला. दोनदा वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "गोळी निम्मी केली?" म्हटलं, "निम्मी." तिचे डोळे भरले. मामी गेली तेव्हाही ती माझ्यासमोर रडली नव्हती, माझ्यासाठी धीर धरून होती. आज धरला नाही. मीही धरला नाही.

घराचं असं ठरलं: मी इथेच राहायचं. डॉक्टरचा नंबर तिच्याकडे, माझा तिथला जायचा दिवस तिच्या कॅलेंडरवर. घराची एक किल्ली तिच्याकडे, एक शिंप्याकडे. छातीत जरा जरी इकडेतिकडे झालं तरी आधी तिला कळवायचं, मग बाकी जगापासून लपवलं तरी चालेल. मी म्हटलं, "मंजूर." ती म्हणाली, "लेखी द्या." दिलं. सही पाहून ती म्हणाली, "तुमचं अक्षर अजून चांगलं आहे."

तुझ्याबद्दल सगळं सांगितलं. तू शनिवारपर्यंतची मुदत दिली होतीस हे ऐकून म्हणाली, "मी तर तुम्हाला शुक्रवारपर्यंतचीही दिली नसती." तुला पत्र लिहिणार आहे.

तिला चारच्या बसमध्ये बसवलं. खिडकीतून ती काहीतरी म्हणाली, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी नेहमीसारखं "हो, हो" म्हणणार होतो. पण मग हात कानाला लावला आणि खिडकीशी गेलो. "पुन्हा सांग," म्हटलं. "काही नाही," ती म्हणाली, "घरी जाऊन झोपा जरा."

आलो आणि कॉटवर आडवा झालो. उठलो तेव्हा आठ वाजून गेले होते, अंगाखालचा हात बधिर झाला होता, आणि ताईनं धुतलेले पडदे अजून बाहेर दोरीवर होते. ते आत आणून लावले आणि तुला लिहायला बसलो.

तुझा मामा, वय वर्षं सदुसष्ट